चौकातला बोर्ड

पहिल्याच सेमिस्टरला वृषाली गणितात नापास झाली आणि इंजिनिअरिंग सोडून निरगुडसरला घरी जायला निघाली. गणित शिकवणाऱ्या थोरात मॅडमनी तिला थांबवून घेतलं. इंग्रजी पुस्तकातलं सगळं मराठीत समजावत त्या तिला रोज कॉलेज सुटल्यावर शिकवत राहिल्या. दुसऱ्या वर्षाच्या निकालात पोरगी चक्क कॉलेजात पहिली आली.

तिला बघून गावातले बाकीचे आईबापही मुलींना शिकायला पाठवतील, म्हणून मॅडमनी हौसेनं गावच्या चौकात तिच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला.

सुट्टी संपून कॉलेज उघडलं, पण वृषाली काही आली नाही. आले ते तिचे वडील चांगदेव, पेढ्यांचा बॉक्स घेऊन, थेट स्टाफरूममध्ये.

"मॅडम, तुमच्या बोर्डानं काम केलं बघा! फोटो बघून मंचरचं पावणं आपणहून दारात आलं. लई मोठं घर. लग्न बी झालं, घाईत तुमाला बोलवायचं ऱ्हायलं."

"अहो, पण तिचं कॉलेज? दोनच वर्षं राहिली होती..."

"सासरचे म्हणत्यात, एवढं शिकली ते बास झालं."

मॅडमनी हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.



चांगदेवांनी मागं उभ्या असलेल्या धाकट्या हर्षालीला पुढं केलं. "आता हिला घ्या तुमच्या हाताखाली. फक्त हिचा बोर्ड तेवढा पहिल्याच वर्षी लावा."