उचलून घेतलेला लॅपटॉप

सव्वाअकराला सटवाजी दिनकररावांच्या ओसरीवर पोचला तेव्हा त्याच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेला लॅपटॉप होता. पाय मोडलेलं कोकरू आणावं तसा त्यानं तो आणला होता. अठरा इंची पडदा गावातल्या कुठल्याच पिशवीत मावत नव्हता. मागून त्याची मुलगी दैवशाला धापा टाकत आली. तिच्या हातात चार्जर होता, विटेएवढा. वजनानंही विटेएवढाच.

"टीव्ही कामून आणलास रे सटवाजी?" दिनकररावांनी विचारलं.

"लॅपटॉप हाय, मालक. तुमच्या इन्व्हर्टरवर लावू द्या. साडेअकराला पुण्याची कंपनी पोरीची मुलाखत घेणार हाय, अन् लाईट आठपासून गायब हाय."

"बॅटरी सोळा टक्के राहिलीय, काका," दैवशाला म्हणाली. "सकाळी सरावाला म्हणून अर्धा तास उघडला, तर होती त्यातली निम्मी संपली."

दिनकररावांनी स्वतः उठून जागा करून दिली. त्यांचा इन्व्हर्टर दोन पंखे आणि एक टीव्ही वर्षानुवर्षं बिनतक्रार चालवत आला होता. चार्जर लावताच तो किंचाळला आणि बंद पडला. दिनकररावांच्या पत्नीनं, सगुणाबाईंनी, पंखे बंद केले. पुन्हा लावला, पुन्हा किंचाळला. मग टीव्ही काढला. शेवटी देवघरातला लुकलुकता बल्बसुद्धा काढला. देव अंधारात गेले आणि इन्व्हर्टर एकट्या लॅपटॉपसाठी दहा सेकंद जगला.

"बाई गं! खातंय तरी किती हे?" सगुणाबाई म्हणाल्या.

"मोठ्याला खायला लागतंच की," सटवाजी म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

लॅपटॉप त्यानंच निवडला होता. परभणीच्या दुकानात त्यानं मांडलेले सगळे लॅपटॉप, मेंढा घेताना बघतात तसे, दोन्ही हातांनी उचलून बघितले होते. डोळे मिटून. हलके त्यानं बाजूला सारले. पोरगी एका पातळ लॅपटॉपकडे बोट दाखवत होती, तर "रोगट दिसायलंय" म्हणाला. सगळ्यांत जड होता तो घेतला. त्यापायी मेंढरांचा निम्मा कळप विकावा लागला होता.

"आमच्या पोरीचा, निकिताचा बघ, वहीएवढा हाय," दिनकरराव म्हणाले. "एकदा भरला की दिवसभर चालतोय."

"मग द्या की काका तो! तासाभराचंच काम हाय," दैवशाला म्हणाली.

"ती परभणीला गेली ना घेऊन. पर्समध्ये मावतोय."

मोबाईलवरून मुलाखत चालणार नाही, असं कंपनीनं दोनदा कळवलं होतं. दैवशालानं लॅपटॉप मांडीवर घेतला, केस कानामागे सारले आणि चेहरा नोकरी मिळण्यासारखा केला.

साडेअकराला पडद्यावर एक बाई आल्या. पडदा मोठा असल्यानं त्यांचा चेहरा परातीएवढा आला. सटवाजीनं मागून हात जोडले.

"नमस्कार दैवशाला. मी दिसतेय ना नीट?"

"लय मोठ्या दिसायल्या," सटवाजी पुटपुटला. दैवशालानं त्याला कोपरानं मागं ढकललं. पडद्याच्या कोपऱ्यात चार टक्के उरले होते.

"छान. सोप्यापासून सुरुवात करू," बाई म्हणाल्या. "ऐन कामात अचानक अडचण आली, तर तुम्ही काय करता?"

दैवशालानं तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

मिनिटभरात मोबाईलवर कंपनीचा निरोप आला. दहा मिनिटांत परत जोडल्या गेल्या नाहीत, तर पुढच्या उमेदवाराला घेतलं जाईल. याआधी तीन कंपन्यांनी तिला बोलावलंच नव्हतं. या एकीनं बोलावलं होतं.

चार्जर पुन्हा लावला. या वेळी इन्व्हर्टर किंचाळलासुद्धा नाही. दिनकरराव ट्रॅक्टरच्या बॅटरीकडे जाऊन, तिला सगळ्या बाजूंनी बघून, हात हलवत परत आले. सगुणाबाई दारात उभं राहून रस्त्याकडे बघत होत्या, जणू लाईट पायी चालत येणार होती. सटवाजीनं आपल्या साध्या मोबाईलचा चार्जर लॅपटॉपच्या भोकात घालून बघितला. तो आत पडल्यासारखा झाला.

दैवशाला बटण दाबत राहिली. दाबून दाबून तिच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं. सहावं मिनिट गेलं. सातवं गेलं. ती रडत नव्हती, फक्त बटण दाबायची आणि सोडायची.

"गेलं, आबा," शेवटी ती म्हणाली.

सटवाजीनं तिच्या मांडीवरून लॅपटॉप घेतला. अलगद मिटला. त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, छातीपर्यंत उचलला आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. मोबाईलवर नववं मिनिट सुरू झालं.

"न्हाई गेलं," तो म्हणाला. "गेलेलं जनावर हाताला जड लागतंय, बाळा. हे सकाळएवढंच हाय."