कुंचीतला वरवंटा

जुळ्यांसाठी बाबागाडी निवडायला आगबोटीवरचा खलाशी दत्ताराम बायकोला घेऊन रत्नागिरीच्या बाजारात आला होता. दोन बैठकांची लाकडी गाडी हिराला पटली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

नव्या पाळण्यात पोराआधी वरवंटा निजवायचा असतो. घरून आणलेल्या वरवंट्याला कुंची घालून तिने तो एका बैठकीत निजवला, उचलला आणि तिथे थोरलीला ठेवलं. मग तोच दुसऱ्या बैठकीत निजवला. धाकटी तिच्या खांद्यावर झोपली होती.

दत्तारामने गाडी दुकानाच्या दारापर्यंत ढकलून पाहिली. "चाकं बरी आहेत. ठेव गो धाकटीला."

हिराने वरवंटा उचलला. तो कोमट लागला. कुंचीचे बंद लाळेने भिजले होते.

"अवो," मान न वळवता ती म्हणाली, "खांद्यावरची जरा बघा. मघापासून जड लागत्ये, नि गार."