तीस जूनची खरेदी

“अजून एकेचाळीस डॉलर शिल्लक आहेत, मिस्टर क्लेटस,” काउंटरवरच्या तमिकाने कार्ड तपासून सांगितलं. “आज संपवा. उद्या विमा कंपनी परत घेते.”

तिमाहीचा शेवटचा दिवस. विमा कंपनी ज्येष्ठांच्या कार्डावर दर तिमाहीला औषधपाण्यासाठी ठरावीक रक्कम भरायची; न वापरलेली बुडायची. औषधांच्या दुकानात अख्खा म्हातारा गाव लोटला होता. कार्डावर मिळतंय म्हटल्यावर टक्कल पडलेलेसुद्धा कोंड्याचा शाम्पू उचलत होते.

क्लेटसचा फोन वाजला. अटलांटाहून मुलगी, ऱ्होंडा. तिचा आवाज तीन रांगांपलीकडे जात होता.

“बाबा, आज रक्तदाबाचं मशीन घ्याच! अर्लीनबाईंना रोज कशाला दमवता?”

अर्लीन त्याच्या शेजारीच मलमाच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचत उभी होती. चाळीस वर्षं परिचारिका होती ती. नवरा गेल्यापासून रोज सकाळी आठला कुंपण ओलांडून यायची, क्लेटसचा रक्तदाब मोजायची आणि मग कॉफीवर दहापर्यंत गावाची उणीदुणी काढायची.

“काय म्हणते पोरगी?” तिने विचारलं.

“तुझी चौकशी करते,” म्हणत क्लेटसने फोन बंद केला.

तमिकाने मात्र सगळं ऐकलं होतं. “मशीन? पण मिस्टर क्लेटस, तुम्ही तर...”

“खोकल्याच्या गोळ्या!” तो घाईने म्हणाला. “चार पाकिटं. आणि हे मलम. गुडघ्याचा पट्टाही दे.”

कामाशिवाय कोणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हा अर्लीनचा बाणा. एकदा का तिच्या नजरेस मशीन पडलं, की उद्यापासून ती कशाला येईल? आणि ती आली नाही तर सकाळ होऊन तरी काय उपयोग, असं क्लेटसला अगदी मनापासून वाटे.

कार्ड रिकामं झालं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

“चार पाकिटं? खोकला कोणाला झालाय?” पिशवीत डोकावत अर्लीन म्हणाली.

“होईल की हिवाळ्यात!”

दुसऱ्या दिवशी ती बरोबर आठला आली. त्याच्या दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानांत घातला, हवा भरली आणि डोळे मिटून ऐकू लागली. तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजायला लागली. वाजतच राहिली. क्लेटस जागचा हलला नाही.

“एकशे अठ्ठावीसवर ब्याऐंशी,” तिने जाहीर केलं. “मी आहे म्हणून ताळ्यावर आहेस.”

“ते तर आहेच.”

नाक वर करून तिने वास घेतला. “अरे, कॉर्नब्रेड करपला तुझा! घंटी लावत नाहीस का?”

“विसरलो,” क्लेटस म्हणाला.

करपलेला भाग खरवडून उरलेला मक्याचा पाव दोघांनी लोणी लावून खाल्ला. अर्लीन भरपूर हसली. दहा वाजता स्टेथोस्कोप पुसून, नीट पिशवीत ठेवून ती गेली.

क्लेटसने फडताळातला पिठाचा डबा बाजूला सरकवला आणि मागून मशीन काढलं. साडेसातला मोजलेला आकडा त्यात होता, एकशे एकेचाळीसवर अठ्ठ्याऐंशी. तो त्याने डॉक्टरांच्या तक्त्यात उतरवला आणि मशीन परत डब्यामागे ठेवलं. मार्चमध्ये कार्डावरच घेतलं होतं ते, अर्लीनला ऐकू येईनासं झालंय हे त्याच्या लक्षात आलं त्याच आठवड्यात.