‘इतर’ नावाचा रकाना

“मावशी, एवढे डबे एका दिवसात चढायचे नाहीत. सगळा सुटा माल ‘इतर’ या एकाच रकान्यात टाकू आणि मोकळे होऊ,” कॉम्प्युटरवाला म्हणाला.

नळाच्या आणि सुतारकामाच्या सामानाचं दुकान. सकाळचे नऊ वाजलेले, शटर अर्धं खाली. उद्यापासून प्रत्येक बिल मशीनवरच करायचं होतं, विक्रीकराचा हिशेब महिन्याच्या महिन्याला ऑनलाइन पाठवायचा होता. ते जमलं नाही तर विक्री बंद. आणि इथे भिंतभर पत्र्याचे चारशे डबे, एकावरही चिठ्ठी नाही.

“‘इतर’वर कर किती?” मालकीणबाईंनी विचारलं.

“सगळ्यात वरचा. पण तुमच्या खिशातून कुठे जाणार? गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा तो.”

“म्हणजे आळस माझा आणि भुर्दंड प्लंबरला.” त्या खुर्चीतून उठल्या. “आणि काय रे, ‘डझनभर इतर द्या’ म्हणत कुणी आलंय का आजवर?”

काउंटरमागे उभी असलेली त्यांची सून खुदकन हसली आणि कीबोर्ड पुढे ओढून बसली.

मालकीणबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भिंतीला हात लावून त्यांनी पहिला डबा काढला, आत बोटं घातली.

“बिजागरी, पितळी, तीन इंची.” पुढचा डबा. “लाकडाचा स्क्रू, पाऊण इंची, चपट्या डोक्याचा.” पुढचा. “रबरी वायसर, अर्ध्या इंचाच्या नळाचा.”

सून झरझर टाइप करत होती. कॉम्प्युटरवाला यादीतून कराचा दर शोधून सांगत होता. पहिले दहा डबे त्याने मोजपट्टी लावून तपासले. अकराव्याला पट्टी गुपचूप खिशात गेली. दुपारपर्यंत तो स्वतःच शिडीवर चढून वरचे डबे उतरवून देत होता.

एका कडीशी त्या अडल्या. ती काउंटरवर आपटली, कान देऊन ऐकलं, पुन्हा आपटली.

“पितळ नाही. नुसता मुलामा आहे. तसंच लिही, आणि भाव उतरव.”

“पण आई, आपण पितळ म्हणूनच घेतल्यात,” सून म्हणाली.

“मी फसले, ते माझं. पुढे कुणाला फसवायचं नाही.”

तीनशेच्या पुढे कुठेतरी एक डबा आला. त्यांनी आत हात घातला. एक वस्तू उचलली, फिरवली, गालाला लावून पाहिली.

“हे काय आहे?” त्यांनी शेवटी विचारलं.

सुनेने मान खाली घातली. “नळाच्या तोंडाला लावायची जाळी. पाणी कमी लागतं. मी मागवली, आई. तुम्हाला विचारायचं राहिलं.”

“खपते?”

“हा तिसरा डबा आहे.”

मालकीणबाईंनी जाळी परत डब्यात टाकली. “लिही,” एवढंच म्हणाल्या.

साडेपाचला भिंत संपली. कॉम्प्युटरवाल्याने शिडी मिटली, हात झटकले आणि चारशे ओळी वरपासून खालपर्यंत एकदा सरकवून पाहिल्या. ‘इतर’चा रकाना कोरा होता.

“पंधरा वर्षं हे काम करतोय मावशी, ‘इतर’ कोरा आज पहिल्यांदा पाहिला,” तो म्हणाला. “आता एकच राहिलं. हिशेबाला जबाबदार कोण, त्याचं नाव. तुमचंच ना?”

सून सासूबाईंचं नाव टाइप करायला लागलीसुद्धा होती.

“थांब,” मालकीणबाई म्हणाल्या. “माझा एक डबा चुकला. तुझा एकही नाही. तुझं नाव घाल.”

दिवसभर झरझर चाललेली सुनेची बोटं थांबली. मग ती आपल्याच नावाचं एकेक अक्षर शोधू लागली.