सरांच्या टेबलाशेजारचा फ्रीजर

आमच्या लॅबमध्ये सर बोलत नसत, खेकसत. त्यांच्यासमोर तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या टेबलाला खेटून जुना फ्रीजर घरघरायचा. एकटा चार घरांची वीज प्यायचा. उधळपट्टी थांबवायला मजल्यावरच्या लॅबवाल्यांनी एकी केली: जुने फ्रीजर बंद, नमुने एकमेकांकडे. सर अडून बसले. "आयुष्यभराचे नमुने परक्यांच्या दारात ठेवू?" शेजारच्या लॅबच्या मॅडम हसल्या. "माझ्या फ्रीजरमधली अडगळ उपसून तुमच्यासाठी कप्पा रिकामा केलाय. किल्लीही तुम्हीच ठेवा." सरांनी किल्ली मुठीत आवळली, मान डोलावली. नमुने हलवून मी प्लग काढला, घरघर थांबली. "झालं का?" सर ओरडले आणि आपल्याच आवाजाने दचकले. घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मी रोज असाच ओरडायचो?" मी म्हणाले, "तुम्ही नाही, सर. फ्रीजर ओरडायचा."