बिंदुपथाचं एक गणित

वर्गात शिवकांता एकटीच उरली होती. वसतिगृहाच्या विहिरीनं तळ गाठला म्हणून कॉलेजनं सुटी देऊन टाकली होती. लातूर जिल्हा झालं, कचेऱ्या आल्या, पाणी काही आलं नाही. बारावीच्या परीक्षेआधी बिंदुपथाचा धडा तेवढा राहिला होता. बिराजदार सरांनी तो आज उरकायला घेतला, तर पोरं आपापल्या गावच्या गाड्या बघून एकेक करत उठून गेली.

दारात शिवकांताचे वडील शंकरप्पा ट्रंक घेऊन उभे होते.

"सर, आवरा आता. निलंग्याची शेवटची गाडी हाय. उद्या सकाळी हिला बघाया पाव्हणे यायलेत."

सरांनी खडू खाली ठेवला. त्यांनाही घरी जाऊन टँकरच्या रांगेत उभं राहायचं होतं.

"सर, अजून एक गणित द्या," शिवकांता म्हणाली.

सरांनी जड हातानं फळ्यावर दोन बिंदू मांडले. दोन्हींपासून सारख्याच अंतरावर राहून फिरणाऱ्या बिंदूचा मार्ग काढायचा होता. असली गणितं ही पोर उभ्या उभ्या सोडवायची. आज मात्र एक ओळ लिहून ती पुसत होती. पुन्हा तीच लिहीत होती.

"लई टाइम लागायलाय," शंकरप्पा म्हणाले.

शेवटी तिनं लिहिलं, 2x + y = 9. आणि खडू मुठीत धरून सरांकडं बघत राहिली.

उत्तर बरोबर होतं.

सर फळ्याकडं बघत राहिले. मग दारातल्या ट्रंकेकडं.

"चुकलंय," ते म्हणाले. "पहिल्यापासून कर."

शिवकांतानं फळा पुसला. पलीकडच्या स्टँडवर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शंकरप्पांनी ट्रंक उचलली. दोन पावलं गेले, थांबले. पोरीची पाठ त्यांच्याकडं होती. हात फळ्यावर होता, पण लिहीत नव्हता.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "मला अक्षर वळखू येत न्हाई. पण माझी पोर गणितात कवा चुकत न्हाई, एवढं ठाव हाय."

सरांनी मान खाली घातली. बाहेर निलंग्याची गाडी निघाली, तिचा आवाज औशाच्या रस्त्याकडं लांब लांब होत गेला.

शंकरप्पांनी ट्रंक भिंतीशी सरकवली, पटका काढून मांडीवर ठेवला आणि ते शेवटच्या बाकावर बसले.

"कर माय," ते म्हणाले. "पहिल्यापासून कर."