मिनीबसचा निरोप

"स्वयंपाकाचा ओटा आमच्या हिनेच बसवून घेतला. दोन वर्षं आम्ही या गाडीतच राहिलो. मागच्या थंडीत ही गेली," मिनीबसची किल्ली देत टिल्लूकाका म्हणाले.

वासंतीने मान डोलावली. भाड्याची खोली तिने सकाळीच सोडली होती. तिच्या ऐपतीत बसणारं, चाकांवरचं का होईना, घर एवढंच होतं.

काकांनी रिकाम्या गाडीकडे पाहून हात जोडले. "जातो गं."

असं अभद्र कशाला बोलायचं? वासंती त्यांना टोकणार, तोच आतून, ओट्याजवळून बाईचा आवाज आला, "जातो काय? येतो म्हणावं!"

वासंतीने दारातून डोकावलं. आत कुणीच नव्हतं.

"काका, ऐकलंत?"

काका फाटकापर्यंत पोचले होते. मागे न बघताच म्हणाले, "रोज ऐकतो, बाई. म्हणूनच आज 'जातो' म्हटलं."